राऊळांच्या गाडीची हळद

सुदेश राऊळांच्या गाडीखाली पहिला हिरवा थेंब सापडला, तेव्हा तो आपल्या गाडीचा आहे हे कबूल करायला खुद्द राऊळच तयार नव्हते. ठाण्यात कोपरीतली त्यांची इमारत जुनी. तिच्यातून कुठून काय गळेल याचा नेम नाही. जिन्यात गळतं, भिंतीतून गळतं, एक नळ सोडला तर सगळीकडून गळतं. म्हणून राऊळांनी थेंब दिसताच सोसायटीकडे रीतसर तक्रार केली, की तुमची पाइपलाइन माझ्या गाडीखाली गळते आहे, ताबडतोब बंदोबस्त करावा.

सेक्रेटरी आले. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि थेंबाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"राऊळ, आपल्या टाकीचं पाणी हिरवं असतं, मान्य. पण इतकं स्वच्छ हिरवं नसतं."

झालं! संध्याकाळपर्यंत अर्धी सोसायटी पार्किंगमध्ये. ज्यांच्याकडे गाडी नाही अशांसाठी सांगतो, इंजिन तापू नये म्हणून त्याच्याभोवती एक हिरवं पाणी फिरत असतं, त्याला कूलंट म्हणतात, आणि ते गार करणारी जाळीची टाकी म्हणजे रेडिएटर. हे ज्ञान मलाही राऊळांमुळेच झालं. पण त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये जमलेल्या मंडळींना ते जन्मजात असावं. एक म्हणाला उंदराने पाइप खाल्ला. दुसरा म्हणाला पंप गेला. तिसऱ्याने, ज्याला सायकलही चालवता येत नाही, बॉनेटवर दोन टिचक्या मारल्या आणि "इंजिन उतरवावं लागणार" असं सांगून तो जेवायला निघून गेला. माणूस आजारी पडला तर लोक निदान हळू आवाजात बोलतात हो! गाडीच्या बाबतीत तेवढीही माणुसकी नाही.

राऊळांना हे फार लागलं. गाडी जुनी होती, नाही कोण म्हणतं? तिच्या बरोबरीच्या सगळ्या गाड्या एव्हाना भंगारात गेल्या होत्या. पण विमा कंपनीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या नुकसानीचे दावे निकालात काढलेल्या या माणसाने स्वतःच्या नावावर घेतलेली ती पहिली आणि शेवटची गाडी. निवृत्त झाल्यापासून घरात त्यांचं ऐकणारी तीच एक उरली होती, आणि आता तीही ऐकेनाशी झाली.

अशा वेळी पुढे आले दुसऱ्या मजल्यावरचे आबा. आबा एसटीत होते. बोलणं सुरू केलं की पहिल्या वाक्यात आंबा घाट आणि दुसऱ्यात फोंडा घाट येणारच. "सुदेश, आधी निदान, मग औषध," ते म्हणाले. "गाडीखाली पुठ्ठा टाक. थेंब कुठे पडतो ते बघ, त्याच्या वर बोट ने. तिथे भोक."

पुठ्ठा हवा म्हणून राऊळांनी घरातला एक मोठा खोका रिकामा करून उलगडला. तो आहेराच्या साड्यांचा होता. साड्या त्यांनी सोफ्यावर नीट रचून ठेवल्या होत्या, पण चित्राबाईंच्या, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींच्या, मते साड्यांना नीट रचणं म्हणजे काय हे राऊळांना या जन्मी कळणार नव्हतं. मग पुठ्ठ्यावर थेंब कुठे पडतो हे बघायला राऊळ टॉर्च घेऊन स्वतःच गाडीखाली शिरले आणि तिथला गारवा इतका बरा वाटला की त्यांचा डोळा लागला. त्यांचे बाहेर आलेले पाय बघून दूधवाल्याने बोंब ठोकली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: "पार्किंगची जागा वाहनांसाठी आहे. सभासदांनी तेथे झोपू नये." नाव लिहिलं नव्हतं, एवढीच सेक्रेटरींची सभ्यता.

स्टेशनजवळच्या गल्लीतल्या दगडू मेकॅनिकने गाडी बघितली आणि वरचा पाइप बदलला. थेंब चालूच. त्याने खालचा पाइप बदलला. थेंब तसेच, फक्त हातभर डावीकडे. "साहेब, लीक गेली नाही, सरकली," दगडू समाधानाने म्हणाला. मग सगळ्या क्लिपा बदलल्या. तेव्हा गाडी दोन दिवस कोरडी राहिली, राऊळांनी सोसायटीत पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर पुन्हा हिरवं तळं. राऊळ तणतणत गल्लीत गेले तर दुकानाला कुलूप. दगडू मेव्हण्याच्या लग्नाला गावी गेला होता. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "लग्नसराईत गाड्या बिघडवायच्या नसतात काका."

आणि इथेच घोडं पेंड खात होतं. लग्न राऊळांच्याही घरात होतं. त्यांची धाकटी बहीण वासंती वर्तकनगरला राहते, तिच्या मुलाचं, मितेशचं लग्न. मुलगी ऐश्वर्या, कल्याणपलीकडच्या मोहन्याची. लग्नाच्या आदल्या दिवशी आधी नवऱ्यामुलाला हळद लावतात आणि त्याच्या अंगाला लावून उरलेली हळद मुलीकडे नेतात. ती उष्टी हळद. ती आली की मगच मुलीला हळद लागते. हल्ली पुष्कळ लोक एकाच हॉलमध्ये दोघांना बसवून मोकळे होतात. पण ऐश्वर्याची आजी गोदूबाई ही जुनी साताऱ्याकडची बाई. तिने निरोपच धाडला होता, की उष्टी हळद हितं माझ्या मांडवात आल्याबिगर पोरीच्या अंगाला बोट लावू देणार न्हाई.

"दादा, मी भाड्याची गाडी सांगते," वासंती फोनवर म्हणाली. "एसीवाली. तुझी ती... तिला कशाला त्रास."

राऊळांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू पहिल्या कानाने चुकीचं ऐकलं असावं. "मी जिवंत असताना माझ्या भाच्याची हळद भाड्याच्या गाडीतून जाणार? मामा कशाला असतो मग? मंगलाष्टकांना पाटाशेजारी उभं राहायला?"

फोन ठेवून वळतात तो मागे चित्राबाई उभ्या. त्या रागावल्या की आवाज चढवत नाहीत, उलट उतरवतात. राऊळ त्या उतरलेल्या आवाजाला भितात.

"अहो, आता शेवटचं सांगते. उद्या पोरीची हळद नीट आणि वेळेत पोचली, तर तुमची गाडी राहील, पुन्हा मी चकार शब्द काढणार नाही. नाही पोचली, तर लग्न उरकलं की भंगारवाला. बोला, कबूल?"

"कबूल," राऊळ म्हणाले, आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

दुसऱ्या दिवशी वर्तकनगरला मितेशची हळद दणक्यात झाली. वासंतीची हळद म्हणजे साधी नव्हे. आंबेहळद, चंदन आणि कसलंसं घरी काढलेलं तेल, सगळं तिने स्वतः कालवलेलं. घमघमाट खालच्या पानपट्टीपर्यंत. मितेशने नखशिखान्त पिवळं झाल्यावर मामाला मिठी मारली आणि आपला गाल मामाच्या टकलावर मनसोक्त घासला. पोरं खिदळली. राऊळ "अरे अरे" करत राहिले, पण आतून सुखावले. धुवायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी तशीच वर टोपी चढवली. उरलेली हळद वासंतीने पितळी डब्यात भरली आणि डबा करवलीच्या, म्हणजे मितेशच्या बहिणीच्या, सान्वीच्या मांडीवर ठेवला. पुढे राऊळ आणि आबा, मागे चित्राबाई आणि सान्वी. आबांना लग्नाचं बोलावणं होतं, पण या गाडीतून जायचं ठरलं नव्हतं. तांत्रिक सल्लागार म्हणून ते आपणहून बसले होते.

मे महिन्याची दुपार. माजिवड्यापर्यंत गाडी गुणी मुलीसारखी चालली. खाडीचा पूल ओलांडला आणि तापमानाचा काटा हलला.

"हीटर लाव," आबा म्हणाले.

"काय?"

"हीटर. इंजिनाची ऊब आत ओढून घेतो. घाटात आम्ही हेच करायचो."

राऊळांनी हीटर लावला. चारही काचा खाली, बाहेर मे, आत हीटर. सान्वीचा मेकअप मानेवर उतरला. "मामा, काय यार! मी करवली आहे की पापड?" पदराने चेहरा पुसत चित्राबाई खिडकीबाहेर बघत बसल्या, आणि राऊळांना आरशात तेवढंच दिसत राहिलं. काटा मात्र खरोखर खाली आला. आबांनी डॅशबोर्डवर बोटांनी ताल धरला.

रांजनोली नाक्याला ट्रकांची रांग लागली होती. तिथे काट्याने जो वर जायचा धोशा लावला तो थेट लाल रेघेपर्यंत. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. राऊळांनी गाडी कडेला, एका बंद टायरच्या दुकानापुढे घेतली.

"थांबली?" चित्राबाईंनी विचारलं.

"थांबली नाही. थांबवली," राऊळ म्हणाले. "यात फरक आहे."

"पाणी आणते. पेट्रोल पंप आहे समोर." चित्राबाई बाटल्या घेऊन उतरल्या. सान्वीही हवा खायला त्यांच्याबरोबर गेली. जाताना डबा तिने सीटवर ठेवला आणि बजावलं, "मामा, लक्ष ठेव हं. त्यात माझ्या वहिनीचं नशीब आहे."

इंजिन जरा निवल्यावर राऊळांनी फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण काढलं. आत पाणी तळाला. खाली वाकून बघितलं, तर थेंब ठिबकत होते, एकामागून एक, घाई नसल्यासारखे.

"घाटात रेडिएटर गळायला लागला," आबा आकाशाकडे बघत म्हणाले, "की आमचा ड्रायव्हर मूठभर हळद टाकायचा. हळद आत फुगते, भोकात जाऊन बसते. गाडी सरळ कोल्हापूर."

"हळद?"

"हळद."

"आता इथे हळद कुठून आणायची आबा? सगळी दुकानं बंद."

आबांनी सीटवरच्या डब्याकडे पाहिलं नाही. राऊळांनीही पाहिलं नाही. दोघं जाणती, पेन्शनर माणसं भर उन्हात कितीतरी वेळ त्या डब्याकडे न पाहता उभी राहिली.

शेवटी राऊळ म्हणाले, "शकुनाला तशी बोटभरच लागते, नाही का?"

"बोटभर म्हणजे खूप झाली," आबा म्हणाले.

चमचा नव्हता. खिशातली लग्नपत्रिका दुमडून राऊळांनी चमचाभर हळद घेतली, मनातल्या मनात गणपतीची माफी मागितली आणि रेडिएटरात सोडली. वाकून बघितलं. थेंब जरा मंदावल्यासारखे वाटले. मग आणखी एक चमचा. आणखी मंदावले! आता सांगा, अशा वेळी कोण थांबेल? खाज सुटल्यावर माणूस एकदाच खाजवून थांबतो का? देता देता डब्याचा तळ दिसायला लागला, आणि तेवढ्यात थेंब साफ बंद झाले. खालची जमीन सुकायला लागली. दोघांनी टाळी दिली. आणि मग राऊळांच्या हातून ती गोष्ट घडली, जिच्यासाठी मी सबंध मध्यमवर्गाला जबाबदार धरतो. डब्याच्या कडेला थोडी हळद चिकटून राहिली होती. टूथपेस्टची नळी कापून आतली पेस्ट वापरणारा तो हात! राऊळांनी डब्यात आपल्या बाटलीतलं घोटभर पाणी घातलं, बोटाने फिरवून डबा लखलखीत विसळला आणि तेही पाणी रेडिएटरात ओतलं. वाया जायला नको.

झाकण लावताना त्यांच्या लक्षात आलं की डबा रिकामा आहे.

"आबा," ते म्हणाले, आणि डबा त्यांच्यापुढे उलटा धरला.

समोरून बाटल्या भरून घेऊन चित्राबाई येत होत्या. राऊळांनी डब्याला झाकण लावलं, डबा सीटवर ठेवला, पाणी भरलं, गाडी सुरू केली. पुढचा रस्ता त्यांनी कसा कापला ते त्यांनाच ठाऊक. गाडी चालत होती, काटा खाली होता, आणि राऊळांच्या डोळ्यांपुढे गोदूबाई उभ्या होत्या, ज्यांना त्यांनी अजून पाहिलंही नव्हतं. कोनगावात एक किराणा दुकान उघडं दिसलं तसा त्यांनी करकचून ब्रेक मारला.

"सान्वी, डबा दे. तापला असेल. गार जागी धरतो जरा."

"गार जागा? किराणा दुकानात?"

"तू दे गं."

दुकानाच्या मागे जाऊन राऊळांनी पुडीतली हळद डब्यात रिकामी केली, वर पाणी घालून कालवली. आबा आडोसा धरून उभे होते. रंग जमला. राऊळांनी डबा डोळ्यांसमोर धरला, आणि त्यांना स्वतःची शिसारी आली. विम्याचे खोटे दावे पकडण्यात ज्याची हयात गेली तो माणूस किराणा दुकानाच्या मागे उभा राहून भाच्याच्या लग्नात भेसळ करत होता.

"आबा, हे पाप आहे."

"पाप आहे," आबा म्हणाले. "पण दुसरं काय आहे?"

"तुमच्या त्या ड्रायव्हरने हळद टाकली होती, तेव्हा गाडी खरंच कोल्हापूरला पोचली होती?"

"पोचली असणार. मी कंडक्टर होतो ना रे. मी पॅसेंजरांना दुसऱ्या गाडीत बसवून निघून गेलेलो."

दुर्गाडीचा पूल, कल्याण, शहाडचा उड्डाणपूल, एवढं सगळं गाडीने न कुरकुरता पार केलं आणि वेळेच्या आत मोहन्यात मांडवापुढे जाऊन उभी राहिली. डीजे वाजत होता. बायका आरतीचं ताट घेऊन पुढे आल्या. चित्राबाई गाडीतून उतरल्या, नवऱ्याकडे वळल्या आणि कित्येक वर्षांनी त्यांच्याकडे बघून चक्क हसल्या. "पोचवलीत हो," त्या म्हणाल्या. दुसरं कुणी असतं तर धन्य झालं असतं. राऊळांनी मान वळवली आणि आरशावरची धूळ पुसायला घेतली.

गोदूबाई खुर्चीत बसून होत्या. लहानखुऱ्या, नऊवारीतल्या, कपाळाला ठसठशीत गोंदण. शेजारी पाटावर ऐश्वर्या, हिरव्या चुड्यात. गोदूबाईंनी डबा घेतला, उघडला, नाकाशी नेला. पुन्हा नेला.

"ही तर कालवणाची हळद हाय," त्या म्हणाल्या.

"अहो, आमच्यात अशीच..." राऊळ सुरुवात करत होते.

"नवऱ्याच्या आईनं मागल्या म्हयन्यात मला तिची हळद दावली व्हती. आंबेहळद, चंदन. त्यो वास मी इसरन व्हय?"

त्याच क्षणी मागे काहीतरी फटकन वाजलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. राऊळांच्या गाडीच्या बॉनेटखालून पिवळा फेस उसळून वर येत होता. चाकांवर ओघळला, जमिनीवर पसरला, वाफेचा एक ढग मांडवात शिरला. आणि त्या वाफेबरोबर मांडवभर पसरला आंबेहळदीचा, चंदनाचा, वासंतीच्या घरच्या तेलाचा घमघमाट. डीजेवाल्याने आपण होऊन गाणं बंद केलं.

गोदूबाई खुर्चीतून उठल्या. वास घेत घेत गाडीपाशी गेल्या. मग डबा हुंगला, मग पुन्हा गाडी.

"डब्यात किराणा, आन् गाडीत नवरदेव," त्या म्हणाल्या. "पावणं, ह्ये काय हाय?"

आता लपवून काय उपयोग? राऊळांनी भर मांडवात सगळं सांगितलं. थेंब, पुठ्ठा, दगडू, रांजनोली, पत्रिकेचा चमचा, विसळलेला डबा, कोनगाव. आबांचं नाव त्यांनी घेतलं नाही, तरी आबा मंडपाच्या खांबाआड जाऊन उभे राहिले. शेवटी त्यांनी हात जोडले. "माझंच चुकलं. पोरीची हळद मी गाडीला घातली. गाडी राहावी म्हणून." सान्वीने कपाळावर हात मारला. चित्राबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू कधीच मावळलं होतं. ऐश्वर्याचे डोळे भरून आले, आणि ते बघून राऊळांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"रडू नगं गं," गोदूबाई नातीला म्हणाल्या आणि सान्वीकडे वळल्या. "ए पोरी, नवऱ्याच्या अंगाची हळद आणिक कुणाच्या अंगाला लागली व्हती का? कुणी पुसाया-धुवायाच्या आधी?"

सान्वीने हळूच मामाच्या टोपीकडे बोट केलं.

पुढचं सांगताना मला राऊळांची कीव येते. त्यांना ऐश्वर्याशेजारीच दुसऱ्या पाटावर बसवलं. टोपी काढली. हीटरच्या धगीने टकलावरची हळद वाळून कडक झाली होती. गोदूबाईंनी त्यावर दुधाचे दोन थेंब टाकले, विड्याच्या पानाची कड घेतली आणि राऊळांचं डोकं नारळ खरवडावा तसं हलक्या हाताने खरवडायला घेतलं. सभोवती पाच सवाशिणी. कुणीतरी व्हिडिओ काढत होतं. "कानामागं बी हाय," एक बाई म्हणाली. "भुवईत बघा," दुसरी म्हणाली. विमा कंपनीचे निवृत्त वरिष्ठ अधिकारी मान खाली घालून बसून राहिले. बोटभर हळद निघाली. ती गोदूबाईंनी घरच्या हळदीत कालवली आणि ऐश्वर्याच्या गालाला लावली. मांडवात एकच कल्ला झाला, डीजे पुन्हा सुरू झाला, आणि रडवेली ऐश्वर्या हसायला लागली.

"पण आजी," ती म्हणाली, "त्याची उष्टी हळद माझ्या आधी गाडीला लागली ना? मग ही माझी सवत का?"

सगळे हसले. गोदूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या विचारात पडल्या.

तेवढ्यात चित्राबाई त्या उतरलेल्या आवाजात म्हणाल्या, "अहो, शब्द आठवतोय ना? नीट आणि वेळेत. वेळेत आली. नीट नाही आली. लग्न झालं की भंगारवाला."

राऊळांनी मान हलवली. ते गाडीपाशी गेले आणि टोपीने तिच्या बॉनेटवरचा पिवळा फेस पुसायला लागले. पुसता पुसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली. आपल्या लेकीच्या लग्नात हा माणूस केटररशी भांडत होता, तेव्हा टिपूस काढलं नव्हतं.

"भंगारात?" गोदूबाई कडाडल्या. "आता गं बया! अवो, हळद लागलेली पोर भंगारात देत्यात व्हय? कंच्या गावची रीत ही?"

"आजी, गाडी आहे ती," चित्राबाई म्हणाल्या.

"आसंल. पर नवऱ्याची उष्टी हळद लागली का न्हाई? पोटात ग्येली का न्हाई? मंग झालं तर. हळद लागलेली येस वलांडत न्हाई. लगीन हुईस्तवर ही हितंच ऱ्हाईल, माझ्या दारात. आन् लगीन झालं का जिची हळद लागली त्या नवऱ्याच्या घरी जाईल. दुसरीकडं न्हाई. इचारा कुणाला बी."

विचारणार कुणाला? मांडवात त्यांच्याहून मोठं कुणी नव्हतं. वाद गाडीचा असता तर चित्राबाई जिंकल्या असत्या, पण तो आता हळदीचा झाला होता. राऊळांना आधी नुसता आनंदच झाला, की भंगार टळलं. गाडी जाणार म्हणजे आपल्या दारातून जाणार, हे त्यांना रिक्षात बसून कोपरीला परतताना, कल्याण मागे पडल्यावर उमगलं.

लग्न झालं. गाडीच्या आरशांना मुंडावळ्या बांधल्या होत्या. मितेशने मोहन्याच्याच एका गॅरेजवाल्याला आणून गाडी दाखवली होती, तेव्हा रेडिएटरातून हळदीचे गोळेच्या गोळे निघाले. आणि गळती कुठून होती म्हणता? वरच्या झाकणाचं रबर कुजलं होतं. गाडी तापली की पाणी झाकणातून उसळून बाजूच्या नळीने खाली ठिबकायचं, इंजिन निवलं की आपोआप थांबायचं. जे झाकण काढून सगळ्यांनी आळीपाळीने पाणी ओतलं ते झाकण कुणी उलटं करून बघितलंच नव्हतं. रांजनोलीला हळदीने नव्हे, गाडी उभी राहिली म्हणून थेंब थांबले होते. नवं झाकण बसलं आणि गळती बंद झाली. मितेश-ऐश्वर्या त्याच गाडीतून वर्तकनगरला गेले. राऊळांनी चावी भाच्याच्या हातात दिली आणि "सांभाळ रे तिला" एवढंच बोलले. ऐश्वर्याचे वडील शेजारीच उभे होते. त्यांना वाटलं हे आपल्या मुलीबद्दल आहे, म्हणून त्यांनी राऊळांना मिठी मारली. दोघंही आपापल्या परीने रडले.

आता दर रविवारी सकाळी राऊळ कूलंटची बाटली घेऊन वर्तकनगरला जातात. बॉनेट उघडतात, झाकण उलटंसुलटं करून बघतात, पातळी तपासतात. गरज नसते, तरी घोटभर ओततात. ऐश्वर्या वरून हाक मारते, "मामा, वर या, चहा टाकलाय." राऊळ हात जोडतात. पाणीसुद्धा घेत नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं अन्नपाणी आईबापांनी घ्यायचं नसतं, अशी रीत आहे, आणि रीत म्हटलं की राऊळ आता कुणाशीही वाद घालत नाहीत.

परवा वासंतीचा पेशन्स संपला. ती चहाचा कप घेऊन थेट पार्किंगमध्ये उतरली आणि भावापुढे उभी राहिली.

"दादा, या गाडीला मूल कधी व्हायचं आणि तू माझ्याकडे चहा कधी प्यायचास?"